मारबतीत घेतलेलं नाव

२० ऑगस्ट, बुधवार

मनकर्णाबाईंची शुगर वाढलेली निघाली. डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं. डॉक्टर म्हणाले, आधी शुगर खाली आणा, मग मोतीबिंदू काढू. म्हणजे सुनेची, अपेक्षाची आई आता आमच्याकडेच राहणार. किती दिवस, ते शुगरवर.

ह्यांनी पेपर खाली न ठेवता विचारलं, "म्हणजे महालक्ष्म्यांपर्यंत?"

मी म्हटलं, बहुतेक.

पेपर आणखी वर गेला.

अर्णव-अपेक्षाच्या लग्नाला दोन वर्षं झाली, पण विहीणबाई कधी सलग राहिल्या नाहीत. रामटेकजवळच्या गावाहून सकाळच्या बसनं यायच्या, संध्याकाळी परत. धानाची शेती, घरी जनावरं, सोडून राहता येत नाही म्हणायच्या. मला वाटायचं, त्यांना आमच्या सोफ्याची भीती वाटते. आज सोफ्यावर मांडी घालून बसल्या आणि टीव्हीतल्या बाईला मोठ्यानं रागावल्या. भीती नसावी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शोभाताईंचा फोन. ह्यांच्या थोरल्या बहीण. राहतात धरमपेठेत एकट्या, पण आमच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय कढीला फोडणी पडत नाही.

महालक्ष्म्या जवळ आल्या, तयारी कुठवर? गेल्या वर्षी पुरण घट्ट झालं होतं. आंबील पातळ. ज्येष्ठेच्या निऱ्या डावीकडं झुकल्या होत्या, फोटोत दिसतं. मी सगळ्याला 'बरं' म्हटलं. पस्तीस वर्षं म्हणते आहे. आता ते तोंडातून आपोआप निघतं, ढेकरेसारखं.

शेवटी म्हणाल्या, "आणि ती अपेक्षाची आई आहे ना तिथं? तिला पहिल्या पंगतीत बसवू नकोस. मागून वाढ स्वयंपाकघरात. आपल्याकडे कोण कोण येतं, तुला माहीत आहे."

मी म्हटलं, बरं.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, मनकर्णाबाई ओट्याशी दोडके सोलत होत्या. ऐकू गेलं का, कळलं नाही. दोडका मात्र फार सोलला गेला होता.

मुखवटे ताईंकडे असतात. सासूबाईंनी जाताना महालक्ष्म्यांचे, ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींचे, दोन्ही मुखवटे लेकीच्या हाती दिले, सुनेच्या नाही. दर वर्षी ताई ते लाल कापडात बांधून आणतात, विसर्जनानंतर घेऊन जातात. मुखवटा नाही तर देवी कसली? नुसती साडी नेसवलेली पत्र्याची कोठी. म्हणजे खरं पाहिलं तर महालक्ष्म्या ताईंच्या. स्वयंपाक तेवढा माझा.

पण खोटं कशाला लिहू? मलाही मिरवायचं असतंच. सोळा भाज्या, चटण्या, कोशिंबिरी, कटाची आमटी. कॉलनीतल्या बायका ताटाचे फोटो काढतात, तेव्हा मी पदर सावरून मागं उभी राहते आणि म्हणते, काही विशेष नाही हो, घरचंच आहे. हे वाक्य मी चांगलं म्हणते. कोणी कोणती भाजी टाकली, तेही बघून ठेवते.

सण म्हणून मजा आली का, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. कोणी विचारत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

प्रतापनगरात बैल कुठले? मातीचे आणून पूजले. मनकर्णाबाईंचा लग्न झाल्यापासून पहिला पोळा घराबाहेर.

दुपारी त्यांनी रुपरावांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी, फोन नेऊन गोठ्यात धरला. मग बैलाशी बोलणं. बाल्कनीत उभं राहून, शेताच्या आवाजात! शिंगाले रंग कोनता लावला? झूल जुनीच काहून घातली? मी नाई म्हनून असं करून राहिले का तुह्यासंग? बैलानं फोन चाटला असावा, कारण स्क्रीन काळा झाला आणि बाई हसत सुटल्या.

नंतर त्यांनी बाल्कनीतूनच पोळ्याचं गाणं, झडती, म्हटली. झडत्या पुरुषांनी म्हणायच्या असतात, तोरणाखाली, बैल घेऊन. समोरच्या इमारतीत तीन बाल्कन्यांत माणसं आली. एका बाईंनी टाळ्या वाजवल्या.

ह्यांनी उठून खिडकी लावली. बाई खिडकीच्या बाहेरच होत्या, त्यामुळं उपयोग झाला नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

आजचं विसरायच्या आत लिहून ठेवते.

सकाळी मनकर्णाबाई म्हणाल्या, आज मारबत निघते ना? जन्मभर ऐकून राहिले, एकदा दाखवा. अर्णव बुटीबोरीला कंपनीत. अपेक्षाला बँक. हे म्हणाले, मारबत म्हणजे नुसती धक्काबुक्की, आपल्या लोकांचं काम नाही ते. आणि खरंच, मी नागपूरची असून मारबत कधी जवळून पाहिली नव्हती. लहानपणी एकदा वडिलांच्या मित्राच्या गच्चीवरून. वरून फक्त डोकी दिसली होती.

मी ह्यांना सांगितलं, ओटीचे ब्लाउजपीस आणायला गांधीबागेत जाते, विहीणबाईंना सोबत नेते. ऑटो केला.

गांधीबागेच्या अलीकडंच ऑटोवाल्यानं उतरवलं. पुढं रस्ता नव्हता, माणसंच होती. ढोल, ताशे, गुलाल, गच्च्यांवर बायका, विजेच्या खांबावर पोरं. खड्ड्यांचा एक बडग्या, महागाईचा एक, स्मार्ट मीटरचा एक. भलेमोठे कागदी राक्षस, नाचत चाललेले. मी पर्स छातीशी धरली. मनकर्णाबाईंनी माझा दंड धरला आणि गर्दी नांगरल्यासारखी आम्ही इतवारीकडं पुढं निघालो.

मग पिवळी मारबत आली, बांबू-कागदाची बाई. केवढी! दुमजली घराएवढी. बायका लेकरांना उचलून तिच्या पायाला लावत होत्या. आणि सगळे ओरडत होते. इडा पिडा घेऊन जा गे मारबत. खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा. माझ्या शेजारची एक पोरगीशी बाई ओरडली, नवऱ्याची दारू घेऊन जा. कोणी हसलं नाही. पुढचीनं तिची री ओढली.

मनकर्णाबाईंनी तोंडाशी हात धरले. "माह्यी शुगर घेऊन जा गे मारबत!"

मग माझ्याकडे वळल्या. "म्हना ना, ईहीनबाई. मनात ठेवून काय करता?"

मी हळूच म्हटलं, रोगराई घेऊन जा.

"मारबतीले आयकू नाई गेलं."

पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं. महागाई. डास. गुडघेदुखी. दर वेळी आवाज थोडा वर जात होता आणि आत कुठंतरी बूच निघाल्यासारखं होत होतं. मारबत अगदी समोर आली. ढोल इतका की छातीत वाजत होता. मी काय ओरडणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ.

मी ओरडले, "आमच्या शोभाताईंना घेऊन जा गे मारबत!"

क्षणभर वाटलं, कोणी ऐकलं नाही. मग मागच्या पोरांनी उचललं. शोभाताईले घेऊन जा गे मारबत! मग पलीकडच्या टोळीनं. मग गच्चीवरच्या बायकांनी. सगळी गल्ली शोभाताईंना पाठवून राहिली होती. कोण शोभाताई, कोणाला पत्ता नाही. मी आणखी चार-पाचदा ओरडले. नाचलेसुद्धा. हात वर करून. मला नाचता येत नाही, पण तिथं ते लागत नव्हतं.

ब्लाउजपीसची दुकानं बंद होती. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, मारबतीच्या दिवशी बाजार बंद असतो, माहीत नव्हतं का? मी म्हटलं, नव्हतं.

आवाज बसला आहे. ह्यांना सांगितलं, धूळ गेली.

२४ ऑगस्ट, रविवार

व्हिडिओ निघाला.

कोणीतरी मोबाइलवर काढलेला. अर्णवच्या मित्राकडून अर्णवकडं आला. अर्णवला तो अपेक्षाला पाठवायचा होता. त्यानं आमच्या परिवाराच्या ग्रुपवर पाठवला. लगेच काढून टाकला. पण शोभाताई सकाळी चहाबरोबर ग्रुपच बघतात.

व्हिडिओत मी स्वच्छ दिसते. आवाज तर फारच स्वच्छ.

हे बाथरूममध्ये जाऊन पाहून आले. बाहेर आले तेव्हा चेहरा राखाडी. माझ्याशी बोलले नाहीत, कपाटाशी बोलले. "सदतीस वर्षं नोकरी केली, कोणी बोट दाखवलं नाही. पस्तीस वर्षं ह्या कॉलनीत आहे, कोणी बोट दाखवलं नाही."

मला म्हणायचं होतं की बोट ताईंकडं होतं.

मनकर्णाबाईंनी व्हिडिओ चार वेळा पाहिला. एकच डोळा नीट, म्हणून अगदी नाकाशी धरून.

२५ ऑगस्ट, सोमवार

हे म्हणाले, जा आणि माफी मागून ये. ते म्हणाले नसते तरी गेले असते. रात्रभर झोप नव्हती. तिथं गर्दीत ओरडताना ताई म्हणजे एक नाव होतं. अंथरुणावर पडल्यावर त्या एकोणसत्तर वर्षांच्या, भाऊजींच्या मागं एकट्या राहणाऱ्या बाई झाल्या.

धरमपेठेत गेले. ताईंनी दार उघडलं. ट्रेमधून पाणी दिलं. खाली जाळीचा रुमाल. ताई कोणाशीही भांडोत, ग्लासखाली रुमाल असतो.

मी तयार केलेली वाक्यं सुरू केली. त्यांनी थांबवलं.

"तुझा आवाज एवढा मोठा आहे?" म्हणाल्या. "मला वाटायचं, तुला आवाजच नाही."

मी ग्लास रुमालावर परत ठेवला.

"पस्तीस वर्षांत एकदा माझ्या तोंडावर बोलली असतीस, चारू. इतवारीत जाऊन ओरडायची काय गरज होती?"

मी म्हटलं, चुकलं. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. निघताना म्हणाल्या, मुखवटे अर्णवला पाठवून घेऊन जा, ते घराण्याचे आहेत. मी यंदा येणार नाही.

लिफ्टपर्यंत आल्या नाहीत. नेहमी येतात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. उपास. घरात कोणी बोलत नाही, त्यामुळं उपास सोपा गेला.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. आरतीला ह्यांचा आवाज चढला नाही. दर वर्षी कॉलनीभर ऐकू जातो.

जेवणं झाल्यावर हे मला आत बोलावून म्हणाले, ताई नाही तर महालक्ष्म्यांना अर्थ नाही. सगळं नीट चाललं होतं. ही बाई आली आणि आठवड्यात घराण्याची शोभा झाली. त्यांना तूर्त गावी पाठव. ऑपरेशन दिवाळीनंतर करू, खर्च मी करीन. त्या गेल्या की मी ताईला समजावून आणतो.

मी विचारलं, नाव मी घेतलं, आणि गावी त्या जाणार?

म्हणाले, तुला कुठं पाठवू?

ते गमतीनं म्हणाले नाहीत. बसले होते पलंगाच्या काठावर, हात मांडीवर. मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता. पण एकदम दिसलं की हा माणूस कोणत्याच सणात कधी बसलेला मला आठवत नाही. दारात उभा असतो. कोण आलं, कोण नाही, चपला नीट लावल्या का, पंखा चालू आहे का. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सगळ्या फोटोंत हे कडेला आहेत, हात मागं बांधून. जणू सण म्हणजे वरच्या साहेबांची तपासणी.

दाराबाहेर भांडं पडलं. अपेक्षा होती. तिनं सगळं ऐकलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

अपेक्षा म्हणते, आई गेली तर मीही जाईन. आवाज चढवला नाही, रडली नाही. बँकेत कोणाला कर्ज नाकारताना असंच बोलत असावी. म्हणाली, लग्नात माझ्या माणसांना तुम्ही वेगळ्या हॉलमध्ये जेवायला बसवलं, तेव्हा मी काही बोलले नाही. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना आईला बोलावलं नाही, तेव्हाही नाही.

अर्णव आम्हा दोघींच्या मधे उभा. त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यालाही ते बरं वाटत होतं.

मी अपेक्षाला म्हटलं, दोन दिवस दे मला. काय करणार होते, माहीत नव्हतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मनकर्णाबाईंनी पिशवी भरली. मी विचारलं, कोणी काही बोललं का? म्हणाल्या, नाई वं बाई, धानाले पानी आहे का नाई पाहा लागते. डोळ्याचं काय, एकानंही दिसते.

चटण्या वाटताना माझं मीठ दोनदा पडलं.

३० ऑगस्ट, शनिवार

आजचं जसं कळलं तसं लिहिते.

सकाळी मनकर्णाबाई अपेक्षाला म्हणाल्या, बसस्टँडवर सोड. स्कूटीवर बसल्यावर म्हणाल्या, आंधी त्या धरमपेठवाल्या बाईकडं चाल. अपेक्षा नको म्हणाली. पण तिची आई स्कूटीवर बसलेली असताना तिचं कोण ऐकणार?

शोभाताईंनी दार उघडलं. ट्रे आला, पाणी आलं. मनकर्णाबाईंनी रुमाल उचलून बघितला, सुंदर आहे म्हणाल्या आणि तोंड पुसलं. अपेक्षाला जमिनीत जावंसं झालं.

मग म्हणाल्या, मीच तिले नेलं होतं, मीच म्हन म्हटलं. रागवाचं तं मले रागवा.

ताई म्हणाल्या, तुमचा काय संबंध? तिनं माझं नाव घेतलं.

ह्यावर मनकर्णाबाई जे बोलल्या, ते अपेक्षानं मला शब्दन् शब्द सांगितलं. "हो, तुमचंच घेतलं. घरातल्याच मानसाचं नाव घेते मानूस. परक्याचं कोन घेते? मी धा दिवस तिच्या घरात असली, तरी माह्यं नाई घेतलं. सनावाराले जिचा राग येते, तिचीच वाट पाह्यते बाई. उद्या महालक्ष्म्या याच्या आहेत, आन तुमी घरी बसून कोनाले दाखवता?"

ताईंनी रुमाल घडी घालून ट्रेमध्ये ठेवला. मग विचारलं, तुम्ही निघालात का गावी? मनकर्णाबाई म्हणाल्या, हो. तुमाले पंगतीत मी नको ना. त्या दिवशीचा तुमचा फोन आयकला मी. तुमी बसा, मी जातो, मले त्याचं काई नाई.

म्हणजे दोडके सोलताना ऐकू गेलं होतं.

अपेक्षा म्हणाली, ह्यानंतर शोभाआत्या उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. बाहेर आल्या तेव्हा पर्स खांद्याला होती आणि हातात लाल कापडातले मुखवटे. म्हणाल्या, पडवळ आणलंय का तिनं? नसणारच. चला, बाजारातून घेऊन जाऊ.

तिघी एका स्कूटीवर आल्या. मी बाल्कनीतून पाहिलं. ताई मधे. मांडीवर पडवळ.

हे दारातच होते. बहिणीला पाहून त्यांचे हात मागून पुढं आले, आणि आता त्यांचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या आल्या. उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढली. अपेक्षानं मुखवटे आणले, मी थाळी वाजवली. कशाच्या पावलांनी, म्हणून आतून विचारायचं काम दर वर्षी ताईंचं. ह्या वर्षीही त्यांनीच विचारलं. मनकर्णाबाईंनी बाहेरून उत्तर दिलं ते चौथ्या मजल्यापर्यंत गेलं असेल. सोन्याच्या पावलांनी, धानाच्या पावलांनी, म्हशीच्या दुधाच्या पावलांनी.

ताई म्हणाल्या, म्हशीच्या दुधाचं आपल्याकडे म्हणत नाहीत.

"आता म्हटलं ना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आलीच असन ते."

निऱ्या ताईंनी स्वतः घातल्या. झुकल्या. मी काही बोलले नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

पाय सुजले आहेत, पण आज लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

पहिल्या पंगतीला मी मनकर्णाबाईंना पाटावर बसवलं. सवाष्णींच्या ओळीत, सुरुवातीलाच. ताई दाराजवळच्या खुर्चीवर होत्या. भाऊजी गेल्यापासून त्या तिथंच बसतात, सगळ्यांवर नजर ठेवून. त्यांनी पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पंख्याकडं पाहिलं.

वाढायला हे. तूप वाढताना हे थेंब मोजतात, हा जुना विषय आहे. कॉलनीतल्या सगळ्या बायका सोसतात, नको नको म्हणतात आणि हात आडवा धरतात. मनकर्णाबाईंनी ताट पुढं सरकवलं. "ईवाई, हात काहून आखडून राहिले? पुरनपोयी कोरडी जाते का कुठं?"

पंगत थांबली. ह्यांनी तुपाची वाटी पाहिली, बाईंना पाहिलं, आणि ओतलं. मग शेजारच्या बाईंनी, ज्या अठरा वर्षं हात आडवा धरतात, त्यांनी हळूच ताट पुढं केलं. मग पलीकडच्यांनी. तूप संपलं. हे स्वयंपाकघरात आले, म्हणाले, आणखी आहे का, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते हसत होते. मी ह्यांना वाढताना हसलेलं पाहिलं नव्हतं.

पंगतीचं बोलणंही निराळं झालं. दर वर्षी सगळ्या ताटाला नावाजतात आणि घाईनं उठतात. आज कोणीतरी म्हणालं, कारली कडू झालीत. मला राग आला नाही. कारली कडूच झाली होती. पहिल्यांदाच वाटलं की ह्या बायका खरंच जेवून राहिल्या आहेत.

जेवणानंतर मनकर्णाबाईंनी पदर खोचला. चला, फुगडी. आमच्याकडे कोणी फुगडी खेळत नाही. बायका सोफ्यावर बसतात आणि सुनांबद्दल बोलतात. अपेक्षा उठली. मी उठले. समोरच्या इमारतीतल्या टाळ्यांवाल्या बाई उठल्या. सोफे सरकवले.

मग मनकर्णाबाई दारापाशी गेल्या आणि त्यांनी शोभाताईंपुढं दोन्ही हात धरले.

ताई म्हणाल्या, नाही, नाही, माझं वय काय, मी अशी.

"अशी म्हंजे कशी? हात आहेत ना?"

हे मधे आले. "ताई, गुडघा."

"गुडघा माझा आहे," ताई म्हणाल्या आणि उठल्या.

एक फेरा हळू. दुसरा थोडा जोरात. मग मनकर्णाबाईंनी पाय जुळवले आणि मागं झुकल्या, आणि ताईही झुकल्या, आणि दोघींचं वजन एकमेकींच्या हातांवर गेलं. सोडलं असतं तर दोघीही पडल्या असत्या. अंबाडा सुटला. चष्मा एका कानावर आला. ताई हसत होत्या, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. त्यांची उजवीकडची एक दाढ पडलेली आहे, हे मला आज कळलं.

थांबल्यावर त्यांना धाप लागली. मी पाणी नेलं. ग्लासखाली काहीच घालायचं सुचलं नाही. त्यांनी घटाघटा प्यायलं, हनुवटीवरून ओघळलं, पुसलं नाही.

मला म्हणाल्या, "शेवटची फुगडी लग्नाआधी खेळले होते." आणि मग, "तू खेळ. मी बघते."

मी खेळले.

२ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन. दहीभाताचा नैवेद्य. ताईंनी मुखवटे लाल कापडात बांधले आणि माझ्या हातात दिले. तुझ्याचकडं ठेव, म्हणाल्या. कारण सांगितलं नाही. कपाटात वरच्या कप्प्यात जागा केली. तीनदा उघडून पाहिलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

मनकर्णाबाईंची शुगर आणखी वाढली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? त्यांनी सांगितलं. सांगायला वेळ लागला. बाहेर बसलेले पेशंट ऐकून राहिले होते.

हे म्हणाले, ऑपरेशन होईपर्यंत कुठंही पाठवायचं नाही. आणि डॉक्टरांसमोर कबूल केलं की तूप त्यांनी वाढलं.

७ सप्टेंबर, रविवार

कालच्या गणपती विसर्जनाला हे ट्रॅक्टरमागं चालले. नाचले नाहीत. पण हात मागं नव्हते. टाळ्या वाजवत होते, तालाबाहेर.

आजपासून पितृपक्ष. घर शांत. अपेक्षा आणि तिची आई धान्य निवडत बसल्या आहेत आणि सगळ्या गावाची निंदा चालू आहे. मधून मधून मीही भर घालते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी बेल वाजली. शोभाताई. मागं ऑटोवाला, दोन मोठ्या बॅगा. पितृपक्षात ताई नवी फणीसुद्धा विकत घेत नाहीत.

ह्यांनी विचारलं, ताई, कुठं निघालीस? तर म्हणाल्या, धरमपेठेचं घर मुलानं जूनमध्येच विकलं. कॅनडातून सह्या केल्या. महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय. कोणाला सांगवलं नाही.

ताईंनी ह्यांच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

"चारू, मला ठेवून घेशील?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं, सांगितलं नाही. मी दार पूर्ण उघडलं.

बॅगा ह्यांनी आत आणल्या.